दिल्लीत गाईड कोणता घ्यावा: जळगावहून गेलेल्या सहा जणांचा अनुभव

फेब्रुवारीत आम्ही सहा जण दिल्लीला जाऊन आलो. मी, बायको, सातवीतलं पोरगं, आई आणि अमळनेरचे नाना-काकू. आल्यापासून दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी विचारतंच, भो तुम्ही तिथं फिरले कसे, पॅकेज घेतलं का, बस केली का, गाईड किती घेतो, फसवत तर नाही ना. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतो. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

चार दिवसांत आम्ही चार प्रकार करून पाहिले. पहिल्या दिवशी बसवालं ‘दिल्ली दर्शन’, दुसऱ्या दिवशी फक्त आमच्यासाठी घेतलेला ओळखपत्रवाला गाईड, तिसऱ्या दिवशी जुन्या दिल्लीत पायी वॉक, आणि चौथ्या दिवशी लाल किल्ला कोणालाच न घेता आपले आपण. बसचे माणशी साडेचारशे गेले, आणि ते गेलेच.

तर बसपासून. रविवारी संध्याकाळी पोहोचलो, भुसावळहून बसलेलो, आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपली होती, सगळे आंबलेले. पहाडगंजला हॉटेलच्या काउंटरवरच्या पोराने एक रंगीत कागद पुढे केला. त्यावर १४ ठिकाणं. सकाळी ९ ते संध्याकाळी ६. सगळ्यात वर लाल किल्ल्याचा मोठा फोटो. मला वाटलं वा, एका दिवसात एवढं. आमच्या नानांनी मात्र तिथंच हिशोब मांडला, नऊ तासांतून जेवणाचा एक काढा, दिल्लीच्या ट्रॅफिकचे चार काढा, राहिले चार, त्याला चौदाने भागा. मी म्हटलं नाना कागदावर छापलंय म्हणजे करतच असतील. पैसे भरून टाकले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. हे सोमवार प्रकरण नीट वाचा कारण आमची अर्धी टूर यातच गेली. दिल्लीत सोमवारी लाल किल्ला बंद असतो. लोटस टेंपल बंद. अक्षरधाम बंद. बरीचशी म्युझियमं बंद. बुकिंग घेताना हे त्या पोराला माहीत नव्हतं असं मी तरी मानायला तयार नाही. बस लाल किल्ल्यासमोर थांबली, बसमधला माईकवाला म्हणाला, “फोटो के लिए दस मिनट”, आणि पन्नास माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून बंद दरवाज्याचे फोटो काढायला लागली. बायको म्हणाली, एवढ्या लांबून भिंत बघायला आलो का. लोटस टेंपलला तर बस थांबलीही नाही, फ्लायओव्हरवरून जाताना “लेफ्ट साइड देखिए” झालं आणि आम्ही राइट साइडला बसलेलो.

कुतुबमिनारला ४० मिनिटं मिळाली. त्यातली पंधरा तिकिटाच्या रांगेत गेली कारण तिकीट टूरमध्ये धरलेलं नाही हे गेटवर कळलं. तिकीट काही महाग नाही, भारतीयांना ३५-४० रुपये, १५ वर्षांखालच्या पोरांना फुकट, आणि मोबाईलवरून काढलं तर रांगच नाही. पण हे आदल्या रात्री कोणीतरी सांगायला पाहिजे ना. माईकवाला आत आलाच नाही, तो बाहेर चहाच्या टपरीवर. आत आम्ही आपले मिनाराकडे माना वर करून. ७२.५ मीटर उंच आहे, ३७९ पायऱ्या आहेत, पण १९८१ च्या डिसेंबरात आत चेंगराचेंगरी होऊन ४५ माणसं गेली तेव्हापासून लोकांना वर चढणं बंद. हे मी पोराला मोबाईलवर वाचून सांगत होतो. लोखंडी खांबाला कुंपण का घातलंय हे त्याने विचारलं, तर शेजारी उभा असलेला एक भला माणूस म्हणाला, पूर्वी लोक पाठ टेकून उलटे हात करून मिठी मारायचे, मारता आली की इच्छा पूर्ण. गुप्तांच्या काळातला खांब, दीड हजार वर्षं उघड्यावर उभा आहे आणि गंजला नाही, त्याला लोकांच्या हातांनी धोका व्हायला लागला म्हणून कुंपण. त्या अनोळखी माणसाने दोन मिनिटांत जे सांगितलं तेवढं आमच्या माईकवाल्याने दिवसभरात सांगितलं नाही. तो शेरोशायरी फार छान म्हणायचा, ते खरं.

आणि मला खरी चिडचिड झाली ती अलाई मिनाराची. आवारातच आहे, तोच अल्लाउद्दीन खिलजी जो १२९६ मध्ये आपल्याकडे देवगिरीवर आला होता, त्याला कुतुबच्या दुप्पट उंचीचा मिनार बांधायचा होता, पहिल्या मजल्यावरच राहिला. नुसता दगडांचा ढीग वाटतो, सांगणारा नसला तर कोणी फिरकत नाही. आम्हाला तो बसमध्ये परत बसल्यावर खिडकीतून दिसला.

मग ‘हँडीक्राफ्ट म्युझियम’. म्हणजे दुकान. गालिचे, संगमरवरी हत्ती, पश्मिना म्हणून दाखवलेल्या शाली. ५५ मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली. कुतुबमिनारपेक्षा जास्त वेळ दुकानात. काकूंनी एक शाल घेतली, अमळनेरच्या बाजारात त्यापेक्षा बरी मिळते हे त्यांना खोलीवर आल्यावर कळलं, आता तो विषय घरात काढायचा नाही. सहाव्या ठिकाणानंतर नाना बसमधून उतरलेच नाहीत. मी बोलवायला गेलो तर खिडकीतून म्हणे, “भाऊ, आपन आठे दखाले उनूत का मोटारमा बसाले उनूत?” म्हणजे, आपण इथं बघायला आलो की मोटारीत बसायला?

बसला पाचपैकी एक. तो एक ड्रायव्हरला, गाडी सांभाळून चालवली त्याने.

आता कोणी म्हणेल मग आपली मराठी पॅकेज टूरच बरी. आमच्या गल्लीतले दोघं-तिघं जाऊन आलेत, तेही सांगतो. म्हाताऱ्या माणसांना एकटं पाठवायचं असेल तर तेच बरं, मी हात जोडून सांगतो. जेवायला वरण-भात मिळतो, सामान कोणीतरी मोजतं, रात्री ताप आला तर धावणारा माणूस असतो. पण बरोबर येणारा टूर मॅनेजर म्हणजे गाईड नाही, हे लक्षात ठेवा. त्याचं काम माणसं मोजायचं. जागेवर जो स्थानिक गाईड मिळतो तो चाळीस माणसांना एकदम मिळतो आणि मागच्या वीस जणांना त्याची फक्त छत्री दिसते.

दुसरा दिवस. हुमायूनचा मकबरा. हा आणि कुतुबमिनार सोमवारीही उघडे असतात, म्हणजे सोमवार हाताशी असेल तर हे दोन करायचे आणि लाल किल्ला मंगळवारनंतर. आम्ही उलटं केलं. रात्री मी ठरवलं की आता कागद नाही, माणूस बघून घ्यायचा. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची परीक्षा देऊन ओळखपत्र मिळालेले गाईड असतात, गळ्यात फोटोवालं कार्ड असतं, ते बघायला मागितलं तर खरा माणूस रागावत नाही. जो खिशातून अर्धवट काढून परत आत ठेवतो तो सोडून द्यायचा.

पण कार्ड असलेलेही सगळे सारखे नसतात. म्हणून मी एक प्रश्न ठरवून गेलो होतो. खान्देशी माणसाला विचारता येईल असा. अब्दुर रहीम खानखाना, आपण ज्याचे दोहे हिंदीच्या पुस्तकात पाठ केले तो, त्याचा मकबरा हुमायूनच्या मकबऱ्यापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. आणि हा माणूस कित्येक वर्षं आपल्या बुऱ्हाणपूरला मोगलांचा सुभेदार होता. बुऱ्हाणपूर म्हणजे फारुकी सुलतानांच्या वेळची खान्देशची राजधानी, आज मध्य प्रदेशात गेलं म्हणून काय झालं, भुसावळहून गाडीने तासाभराचा रस्ता. तर मी गेटवर येईल त्या गाईडला एकच विचारायचो, रहीम का बुरहानपुर से क्या रिश्ता है?

पहिला म्हणाला, “सर पहले अंदर तो चलिए, सब बताऊँगा.” दुसऱ्याने बुरहानपुर कुठल्या राज्यात ते मलाच विचारलं. तिसरा पन्नाशी उलटलेला, मफलर, खांद्याला कापडी पिशवी, तो थोडा थांबला आणि म्हणाला, “आप लोग उधर से हैं क्या? उनके बेटे की क़ब्र तो आप ही के यहाँ है.” झालं. शाहनवाज खान, रहीमचा मुलगा, त्याचा मकबरा बुऱ्हाणपूरला उतावळी नदीकाठी आहे, लोक त्याला काळा ताजमहाल म्हणतात. मी तिथं दोनदा गेलोय. मी त्याला किती घेणार हे विचारायच्या आधी हो म्हणून टाकलं, बायकोने मागून चिमटा काढला, मग १५०० वरून १४०० झाले, दोन्ही मकबरे, अडीच तास, सहा माणसं. म्हणजे माणशी अडीचशेच्याही आत. बसच्या जवळजवळ निम्मे.

या माणसाने काय केलं तर आम्हाला सरळ हुमायूनकडे नेलंच नाही. उजव्या हाताला इसाखानचा मकबरा आहे, आठ बाजूंचा, १५४७ चा, शेरशाहाच्या बाजूचा सरदार. म्हणजे हुमायूनला ज्यांनी हिंदुस्थानातून हाकललं त्यांच्यातला माणूस, आणि तो हुमायूनच्या शेजारी आधीपासून झोपलाय. हे ऐकून पोरगं एकदम जागं झालं. तिथं बसवून त्याने सांगितलं, आता हा बुटका, अंगाबरोबरचा मकबरा डोळ्यात ठेवा आणि मग पुढचा बघा. पुढे गेलो, दरवाज्यातून हुमायूनचा समोर आला तेव्हा आईच्या तोंडून “अगं बाई” एवढंच निघालं.

हुमायून १५५६ मध्ये जुन्या किल्ल्यातल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला. मकबरा त्याच्या बेगमने, हाजी बेगमने, बांधून घेतला, वास्तुकार मीरक मिर्झा गियास, आणि ताजमहाल याच्यानंतर साधारण साठ वर्षांनी सुरू झाला. हे सगळं मोबाईलवरही मिळतं, मान्य. जे मोबाईलवर मिळत नाही ते पाण्याच्या पाटांपाशी झालं.

बागेचे चार भाग, प्रत्येकाचे परत भाग, मधून दगडी पाट गेलेत, अरुंद, वीतभर खोलही नाहीत. गाईड म्हणाला याला उतार आहे पण तुम्हाला दिसणार नाही. आमच्या नानांचं शेत पांझरेकाठी, अख्खं आयुष्य फडाच्या पाण्यावर गेलेलं, पाळीने बारं धरणं आणि पाट फुटला तर रात्री फावडं घेऊन पळणं. ते तिथं उकिडवे बसले, डोकं जवळजवळ फरशीला लावलं, एक डोळा मिटून पाटाकडे बघितलं, मग वाळलेलं एक पान उचलून पाण्यात सोडलं. पान हळूहळू चाललं. कुठे अडलं नाही, कुठे गोल फिरलं नाही. नाना त्याच्या बाजूने चालत गेले, कोपऱ्यावर पान वळलं आणि पुढे गेलं. “दख, पानी कोठेच थांबस नही,” असं मला म्हणाले आणि गाईडकडे बघून हात जोडले, जणू त्यानेच पाट बांधला होता. गाईड हसला पण घाई केली नाही, त्याने नानांना विचारलं तुमच्याकडे कसं करतात, आणि नानांनी त्याला फड सांगितला, नदीवर बंधारा, त्यातून पाट, गावाने नेमलेला पाटकरी, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. अर्धं अहिराणीत, अर्धं हिंदीत. पंधरा मिनिटं गेली यात. बसमध्ये ही पंधरा मिनिटं कोणी दिली असती का?

१८५७ मध्ये शेवटचा बादशाह बहादूरशाह जफर याच मकबऱ्यात लपला होता आणि इंग्रजांनी त्याला इथूनच धरून नेला, हे त्याने वरच्या चौथऱ्यावर उभं राहून सांगितलं. चौथऱ्याच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, आई-काकू वर आल्याच नाहीत, खाली बाकावर बसल्या. गाईड खाली उतरल्यावर त्यांना वेगळं परत सांगत बसला. मी पाहिलं आणि तेव्हाच ठरवलं याला वरचे शंभर द्यायचे.

रहीमचा मकबरा म्हणजे मथुरा रोडच्या कडेला, गाड्यांचा नुसता आवाज, फारसं कोणी नव्हतं. १५९८ मध्ये त्याने आपल्या बायकोसाठी बांधला, ताजच्या कितीतरी आधी, मग १६२७ मध्ये स्वतः गेला तर त्यालाही इथंच पुरलं. घुमटाचा संगमरवर बघाल तर उघडा पडल्यासारखा, कारण अठराव्या शतकात याचे दगड काढून सफदरजंगच्या मकबऱ्याला नेले. आत्ता काही वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली, २०२० ला लोकांसाठी उघडला. इथं आमची बारी होती. मी गाईडला बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा सांगितला, रहीमच्याच काळात झालेला, १६१५ च्या आसपासचा, सातपुड्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलंय, वर विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या, आणि आजही पाणी आहे. त्याने पिशवीतून डायरी काढून लिहून घेतलं. म्हणे, बावीस वर्षं रहीम सांगतोय पण बुरहानपुर बघितलं नाही. मी म्हटलं या, भुसावळला उतरा, शेवभाजी खायला घालतो.

याला पाचपैकी पाच. त्याचं नाव-नंबर इथं टाकत नाही, त्याला विचारलेलं नाही, पण गेटवर मफलरवाला दिसला तर प्रश्न विचारून बघा.

आणि तुमचा प्रश्न तुम्ही ठरवा. मराठे कधी दिल्लीत होते का हे विचारा. जो नुसतं पानिपत म्हणून गप्प बसेल तो नको. महादजी शिंदे १७८४ नंतर दिल्लीच्या बादशहाचे कर्तेधर्ते होते आणि १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत इंग्रज जिंकेपर्यंत दिल्लीवर शिंद्यांचा शब्द चालायचा, एवढं दिल्लीच्या गाईडला यायला पाहिजे.

तिसरा दिवस पायी वॉकचा. हा आधी ऑनलाइन बुक केला होता, माणशी ६००, पोराला निम्मे. जुन्या दिल्लीत असे वॉक बरेच निघतात. जुना वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचं दिल्ली चॅप्टर हेरिटेज वॉक घेतं, सलाम बालक ट्रस्टचा पहाडगंजचा वॉक तर एकेकाळी तिथंच रस्त्यावर राहिलेली पोरं घेतात, तो करायचा राहिला याची रुखरुख आहे. आमचा वॉक तिसऱ्याच एका छोट्या ग्रुपचा होता. १० माणसं, सांगणारी इतिहासाची एम.ए. करणारी मुलगी. तिची पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे आदल्या दिवशीच मेसेज, की चालणं तीन किलोमीटर, बाथरूम दोनच ठिकाणी, शूज घाला, दागिने नको. बाथरूमचं आधी सांगणारा टूरवाला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. घरातल्या बायकांना विचारा याची किंमत काय असते ती. आईचे गुडघे बघता मी विचारलं तर तिने आई-काकूंसाठी सायकल रिक्षा धरून दिली, रिक्षावाल्याला कुठे कुठे थांबायचं ते सांगून ठेवलं.

सकाळी लाल किल्ला मेट्रो स्टेशनला भेटायचं होतं. चांदणी चौकात दिवसा मोटारी बंद आहेत आता, त्यामुळे चालायला बरं. शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने हा चौक आखला, मधून कालवा होता, चांदण्यात पाणी चमकायचं म्हणून हे नाव पडल्याचं सांगतात. जैन लाल मंदिर, त्याला लागून पक्ष्यांचा दवाखाना. मग शीशगंज गुरुद्वारा, इथं १६७५ मध्ये गुरु तेगबहादूरांचं शिर उतरवलं. डोक्याला रुमाल बांधून आत गेलो, आई तिथं बराच वेळ डोळे मिटून बसली आणि सगळा ग्रुप थांबला, कोणी काही बोललं नाही. शेजारीच सुनहरी मशीद, जिच्या वर उभं राहून नादिरशाहाने १७३९ ची कत्तल बघितली. एवढ्याएवढ्या अंतरात एवढं रक्त.

किनारी बाजाराच्या आतून एका बोळात नेलं, नौघरा. नऊ घरं, जैन जोहऱ्यांची जुनी वस्ती, दारांच्या कमानींवर रंगवलेली वेलबुट्टी, आणि बाहेरच्या त्या गोंधळानंतर आत इतकं शांत की नळाचं पाणी पडताना ऐकू येत होतं. असं ठिकाण तुम्हाला बस दाखवूच शकत नाही, ती तिथं शिरत नाही ना.

मग खारी बावली, मसाल्याचा बाजार. जिना चढून गच्चीवर नेतात, पण त्या जिन्यात मिरचीची पोती आणि हमालांची जा-ये, हवेतच ठसका. ग्रुपमधले दोन परदेशी आणि एक बंगलोरची जोडी खोकून खोकून लाल झाले, डोळ्यातून पाणी, मास्क शोधायला लागले. आमच्या काकू मात्र रिक्षातून उतरून पोत्यात हात घालून मिरची चुरगाळून वास घेत दुकानदाराला विचारतायत, “हाई मिरचीना भाव काय से?” त्याला कळेना, बायकोने हिंदी करून सांगितलं, मग भाव ऐकून काकूंनी नाक मुरडलं. दीड किलो तरीही घेतली. परतीच्या गाडीत अख्ख्या डब्याला कळत होतं आमच्या बॅगेत काय आहे ते.

दौलत की चाट खाल्ली, दुधाचा फेस, थंडीतच मिळते, तोंडात घातली की गेली. पोराला वाटलं फसवलं, काही नाहीच यात.

आता वॉकचं उणं सांगतो. परदेशी असल्यामुळे मुलगी आधी इंग्रजीत सांगायची मग हिंदीत, आणि हिंदीत येईपर्यंत अर्धं गळायचं. जोक तर फक्त इंग्रजीतच. बुक करताना भाषा कोणती आणि सगळा ग्रुप त्याच भाषेचा आहे का हे विचारा, मी विचारलं नाही ही माझी चूक. शेवटचा अर्धा तास पळापळ झाली, जामा मशीद बाहेरूनच, कारण नमाजाच्या वेळी बाहेरच्यांना आत सोडत नाहीत आणि आम्ही नेमके तेव्हा पोहोचलो. वेळा काही तिला नवीन नव्हत्या, आखणी चुकली. आणि खाण्याची तिन्ही दुकानं ठरलेली वाटली, मला दुसरीकडची कचोरी खायची होती तर “वो हाइजेनिक नहीं है” म्हणे. असेल बुवा. पाचपैकी चार देतो, बाथरूमचा अर्धा मार्क धरून.

चौथ्या दिवशी लाल किल्ला, आणि इथं मी शहाणपणा केला. म्हटलं दोन दिवसांत आपल्याला सगळं यायला लागलं, आता गाईड कशाला, चौदाशे वाचवू. आत गेल्यावर दिवाण-ए-खासपाशी मी पोराला जोरात सांगायला सुरुवात केली, बघ १७६० मध्ये आपल्या सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या पगाराला पैसा नव्हता म्हणून या छताची चांदी काढून वितळवली. मयूरासन त्याच्या आधीच नादिरशाह घेऊन गेला होता. इथवर ठीक. मग पोरगं इकडेतिकडे बघून म्हणतं, “पप्पा, पण हे लोक राहायचे कुठे? घरं कुठेत?” आणि खरंच, महाल एका बाजूला चार-सहा सुटे सुटे, मध्ये नुसतं गवत, आणि मागे बराकींसारख्या तीन-तीन मजली इमारती. मला उत्तर येईना. एका दुसऱ्या ग्रुपच्या गाईडच्या मागे दोन मिनिटं उभं राहून चोरून ऐकलं तेव्हा कळलं, १८५७ नंतर इंग्रजांनी आतले बहुतेक महाल पाडले आणि सैन्यासाठी बराका बांधल्या. त्या बराकी म्हणजे बराकीच. त्या गाईडने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे सरकलो.

म्हणजे बघा, जिथं इमारत पूर्ण उभी आहे तिथं गाईड नसला तरी थोडंफार निभतं, डोळ्याला काहीतरी मिळतं. लाल किल्ल्यात जे नाहीये तेच जास्त आहे, तिथं सांगणारा पाहिजेच. आमची निवड बरोब्बर उलटी झाली.

निघायचा दिवस शुक्रवार होता, गाडी रात्रीची, तर काउंटरवरचं तेच पोरगं परत, “सर, सेम डे आग्रा, ताजमहल, शाम तक वापस.” मी म्हटलं शुक्रवारी ताज बंद असतो. तो जराही न अडखळता म्हणाला, “कोई बात नहीं सर, नदी के उस पार से दिखा देंगे.” नानांना भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. “बाहीरथीनच दखानं व्हई तं घरमा फोटो से ना,” म्हणजे बाहेरूनच बघायचं तर घरी फोटो आहे ना, असं म्हणाले आणि चपला घालून चहा प्यायला गेले.

परतीच्या गाडीत दुपार कलल्यावर बुऱ्हाणपूर आलं. पोरगं खिडकीला नाक लावून बसलेलं, विचारतं हेच का ते रहीमवालं. त्याला आत्तापर्यंत मी कधी नेलं नव्हतं, मुमताज १६३१ मध्ये इथंच गेली आणि ताजमहालाच्या आधी सहा महिने इथंच, आहूखान्याच्या बागेत पुरलेली होती, हेही त्याला मी दिल्लीहून येताना सांगितलं. आता शाळेला सुट्ट्या लागल्या की रविवार धरून जायचं ठरलंय, शाही किल्ला, आहूखाना, कुंडी भंडारा आणि जमलं तर असीरगड. मागच्या दोन्ही वेळी मी नुसता रिक्षावाल्याच्या भरवशावर फिरलो होतो, त्याने निम्मं खरं आणि निम्मं सिनेमातलं सांगितलं. तिथला कोणी नीट सांगणारा माणूस माहीत असला तर कळवा, हिंदीत चालेल, अहिराणी समजणारा असला तर नाना दोनशे जास्त देतो म्हणतात.